नखातला निळा

त्या दिवशीचं काम साधंच होतं. सात रस्त्याजवळच्या एका इस्पितळातून एक डबा घ्यायचा आणि तो तापू न देता कॉलेजात पोचवायचा. एप्रिलचा तिसरा आठवडा होता, सकाळचे साडेदहा वाजले होते आणि डांबर आत्तापासूनच मऊ पडायला लागलं होतं. स्कूटीवर पायांशी थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ आणि बर्फात एक प्लॅस्टिकची पिशवी. सिग्नलला हवालदारानं हटकलं.

"काय हाय डब्यात, मॅडम? मासे?"

"कातडं आहे," मी म्हणाले. "माणसाचं."

तो हसला. मग मी इस्पितळाचं पत्र दाखवलं. ते वाचून तो दोन पावलं मागं सरकला आणि हातानंच मला 'जावा' म्हणाला.

पिशवीत घाबरण्यासारखं काही नव्हतं. पोटाच्या शस्त्रक्रियेत जादा कातडं काढून टाकतात, एरवी ते जाळलंच जातं. ज्या बाईचं ते होतं तिनं सही करून आम्हाला दिलं होतं. माझं नाव नाजनीन. मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवते, आणि गेली अकरा वर्षं एकच गोष्ट मोजते: कातडीवर पडलेली वस्तू अंगात किती जाते आणि किती वेळात जाते.

मोजायची रीत ऐकायला अवघड नाही. मुठीत मावतील अशी काचेची दोन भांडी एकावर एक बसवायची आणि मधे कातड्याचा पातळ तुकडा पडद्यासारखा ताणून धरायचा. खालच्या भांड्यात रक्ताच्या जागी एक द्रव असतो, भोवती कोमट पाणी खेळत असतं, म्हणजे त्या तुकड्याला आपण अजून अंगावरच आहोत असं वाटावं. तळाशी तांदळाच्या दाण्याएवढं लोहचुंबक सारखं फिरत राहतं. मग वरून जे तपासायचं ते रसायन टाकायचं, आणि ठरलेल्या वेळांना खालच्या द्रवातले दोन थेंब काढून यंत्राला द्यायचे. रसायन पार झालं असेल तर यंत्राच्या पडद्यावर सरळ रेघेत एक टेकाड उभं राहतं. झालं नसेल तर रेघ सपाटच राहते. अशी सहा भांडी माझ्या टेबलावर ओळीनं बसवलेली असतात.

या वेळची तपासणी मात्र नेहमीसारखी नव्हती. तिच्यामागं एक मेलेला माणूस होता.

कोंडीबा नावाचा एक्केचाळीस वर्षांचा कामगार शहराबाहेरच्या एका रंगाच्या कारखान्यात टॉवेलचं सूत निळं रंगवायच्या हौदावर काम करायचा. जानेवारीत एकदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडून बसला आणि तिथंच कलंडला. डॉक्टरांनी हृदयाचा झटका लिहिला. कारखान्यात सगळ्यांचेच हात निळे, त्यामुळं त्याच्या निळ्या नखांकडं कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते त्याच्या बायकोनं. सोजरबाई तिचं नाव. तिच्या तक्रारीवरून नेमलेल्या चौकशी समितीनं तपासणीचं काम आमच्या कॉलेजाला दिलं, तेव्हा ती पत्ता काढत माझ्याकडं आली आणि दारातच उभी राहून बोलली.

"म्याडम, मी त्याला शेवटची आंघोळ घातली. घासून घासून धुतला. हाताचा रंग निघाला की. पर नखातला निळा निघंना. व्हटाचा बी निघंना. व्हटाला रंग कसा लागंल, सांगा."

मला ते लगेच पटलं. सूत पक्कं रंगावं म्हणून निळ्यात एक द्रव्य मिसळतात. ते रक्तात गेलं तर रक्त प्राणवायू वाहून न्यायचं सोडतं, आणि माणूस आतूनच निळा पडतो. पण कारखान्याकडं एका मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल होता. तो म्हणत होता की हे द्रव्य कातडीतून आत जातच नाही. समितीनं मला तेच पुन्हा तपासायला सांगितलं होतं. सुनावणी सोमवारी होती. माझ्याकडं कातडं होतं ते बारा तुकड्यांपुरतं, म्हणजे दोनच खेपा.

पहिली खेप मंगळवारी दुपारी बाराला लावली. ती चोवीस तासांची असते, म्हणून मी आणि आमचे प्रयोगशाळेचे बसप्पामामा आळीपाळीनं जागलो. मामा निवृत्तीला आलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घरी कन्नड आणि कॉलेजात मराठी बोलणारे. तुम्हाला वाटेल, आता रात्री काहीतरी झालं असेल. काही झालं नाही. रात्र सरळ गेली. मामांनी दोनदा चहा केला, दर ठरल्या वेळेला मी थेंब काढले, आणि दर वेळी रेघ सपाट आली.

बुधवारी दुपारी बाराला शेवटचे थेंब काढले. सहाच्या सहा भांड्यांची रेघ सपाट. म्हणजे अहवाल खरा होता, कारखाना खरा होता, आणि सोजरबाईला मी सोमवारी काय तोंड दाखवणार होते ते मला कळेना.

मामा जेवायला गेले. कॉलेजला सुट्ट्या लागलेल्या, सगळा मजला रिकामा. सोलापुरात एप्रिलमधली दुपारची एकची वेळ तुम्ही कधी घरात बसून ऐकली असेल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणते ते. रस्त्यावर माणूस नसतं, कुत्रं भुंकत नाही, कावळासुद्धा पंख पसरून सावलीत बसलेला असतो. त्या शांततेत माझ्या सहा लोहचुंबकांची बारीक किरकिर तेवढी चालली होती.

आणि मग पाण्याचा आवाज आला.

प्रयोगशाळेच्या टोकाला, कपाटांच्या रांगेमागं, हात धुवायचं बेसिन आहे. तिथला नळ कुणीतरी सोडला होता. त्या पाण्याखाली हातावर हात घासल्याचा आवाज येत होता. हळू नव्हे, रगडून.

"मामा?" मी म्हणाले.

आवाज थांबला. मी उठून गेले. नळ बंद होता. बेसिन ओलं होतं, आणि पांढऱ्या चिनीमातीवर एक फिकट निळा ओघळ जाळीच्या दिशेनं जात होता. मी बघेपर्यंत तो गेलासुद्धा. मागं राहिला तो वास. नाकात झोंबणारा, गोडसर, डोक्यात चढणारा वास. ओळखीचा वाटला, पण नाव आठवेना. आमच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याच बाटलीचा तो नव्हता, एवढं मात्र नक्की.

जागरण झालं होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. घरी गेले, जेवले, झोपले. संध्याकाळी अम्मीनं माझी ओढणी धुवायला उचलली आणि हुंगून विचारलं, "कॉलेजात रंगकाम काढलंय का गं? तुझ्या कपड्यांना पेंटरचा वास येतोय."

तेव्हा नाव आठवलं. थिनर.

गुरुवारी मला प्रयोगशाळेत जायची गरज नव्हती. तरी गेले. पाऊण वाजता मामांना म्हटलं, आज इथंच जेवा. त्यांनी कारण विचारलं नाही. दाराशी स्टूल टाकून त्यांनी डबा सोडला, भाकरी मोडली, आणि घास तोंडापाशी नेऊन ते थांबले.

पाणी चालू झालं होतं.

मामांनी घास परत डब्यात ठेवला. "काल बी येत हुता व्हय हा आवाज?"

मी मान हलवली.

"मग बघून यायचं की," ते हळू म्हणाले. "बघितल्याशिवाय कसं कळंल..."

आम्ही दोघं कपाटांच्या कडेनं गेलो. आधी वास आला, कालच्यापेक्षा दाट. मग मला तो दिसला. पाठमोरा. बनियन घातलेला माणूस बेसिनवर वाकला होता. हातातली चिंधी कोपरापासून मनगटापर्यंत ओढत होता, पुन्हा कोपराशी नेत होता, पुन्हा ओढत होता. चिंधी निळी झाली होती. हात निळे होते. नळाखाली धरले की निळं पाणी वाहायचं, आणि हात होते तसेच राहायचे. त्याच्या पलीकडची खिडकी मला त्याच्या खांद्यावरून दिसत होती. काही वेळानं लक्षात आलं की खांद्यामधूनही दिसतेय.

माझ्या तोंडून कुराणातली आयत निघाली, अगदी आपोआप. मामांचं 'नमः शिवाय' शेजारून ऐकू आलं. त्या माणसाचे हात थांबले.

"कोण...?" मी विचारलं.

तो वळला नाही. "जेवायचं हाय..." तो म्हणाला. आवाज दमलेल्या माणसाचा होता, रागाचा नव्हता. "जेवायची येळ झाली... पुसतोय तरी... निघंना..."

"कशानं पुसताय?"

हा प्रश्न मी का विचारला ते मला आजही सांगता येणार नाही. पळून जावं असं पाय म्हणत होते. पण अकरा वर्षं मी हाच प्रश्न विचारत आलेय. कातडीवर काय पडलं, आणि त्याआधी काय पडलं होतं.

त्यानं चिंधी वर धरली. तिच्यातून एक थेंब बेसिनच्या काठावर पडला. आणि तिथं कुणीच नव्हतं. थेंब मात्र आमच्या डोळ्यांसमोर, एवढ्या उकाड्यात, फुंकर मारावी तसा उडून गेला. पाण्याचा थेंब असा उडत नाही.

मामा भिंतीला धरून उभे होते. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. "मॅडम," ते म्हणाले, "ह्यो माणूस भ्या दाखवायला आलेला न्हाय. कायतरी सांगाय आलाय."

मी तशीच स्कूटी काढली आणि भर उन्हात सोजरबाईच्या घरी गेले. पत्र्याची खोली, आत अंधार, ती दारात सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी काय पाहिलं ते तिला सांगितलं नाही. फक्त विचारलं, "कोंडीबा हात कशानं धुवायचे?"

"घरी व्हय? साबणानं."

"कारखान्यात. जेवायच्या आधी."

"थिनरनं की. समदेच तसं करतेत. साबणानं रंग जात न्हाय म्हणून गेटापाशी थिनरचा डरम ठिवलाय. चिंधी बुडवायची अन् पुसायचं. ह्येला तर लई सवय. निळ्या हातानं भाकरीला हात लावत नव्हता. मानसं हसायची, कोंडीबा लई सोवळा म्हणून." तिनं सूप खाली ठेवलं. "का वो म्याडम? त्येनं काय झालं?"

काय झालं ते मला रस्त्यातच कळलं होतं. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात चरबी भरलेली असते, विटांमधल्या सिमेंटसारखी. तीच बाहेरचं बाहेर ठेवते. थिनर ती चरबी धुऊन काढतं. त्या मोठ्या प्रयोगशाळेनं स्वच्छ, धड कातड्यावर द्रव्य टाकलं, आणि मीही तेच केलं. दोघांची रेघ सपाट आली. पण कोंडीबाचं कातडं धड नव्हतं. रोज दुपारी तो स्वतःच्या हातानं दार उघडत होता आणि निळ्या हौदाकडं परत जात होता. नऊ वर्षं.

माझ्याकडं सहा तुकडे उरले होते. मी समितीला कळवलं, आणि कारखान्याचा माणूस समोर असल्याशिवाय खेप लावणार नाही असंही कळवलं.

शनिवारी सकाळी कारखान्याचा व्यवस्थापक नंदीश आला. पस्तिशीचा, नीटनेटका, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. मी त्याला खलनायक समजून बसले होते, पण त्यानं येताच चप्पल बाहेर काढली आणि विचारलं, "मॅडम, मला समजेल असं सांगाल का?" मी सांगितलं. तीन तुकडे नुसत्या पाण्यानं पुसले, तीन थिनरनं. अकराला सहाही भांड्यांत द्रव्य टाकलं. बारा वाजता पहिले थेंब काढले. सहा रेघा सपाट. नंदीशनं सुटकेचा श्वास सोडला, आणि मला त्याचा राग आला नाही, कारण मीसुद्धा त्याच्याइतकीच घाबरले होते.

एकला दुसरे थेंब काढले. नुसत्या पाण्यानं पुसलेले तीन, सपाट. चौथा थेंब यंत्रात गेला. आम्ही तिघं पडद्याकडं बघत होतो. रेघ सरकत होती, सरकत होती, आणि मग तिनं मान वर काढली. वर, अजून वर, पडद्याच्या काठाला टेकेपर्यंत. मी मोजपट्टी बदलली तरी टेकाड मावेना. पाचवा तसाच. सहावा तसाच.

मामांनी हात जोडले.

"हे... हे पार गेलं?" नंदीश म्हणाला.

"दोन तासांत," मी म्हणाले. "चोवीस लागले नाहीत."

तो काही बोलणार होता. तेवढ्यात कपाटांमागं नळ सुटला.

नंदीशनं मान वळवली. "आत कोण हात धुतंय?"

वास आला. त्याला तो माझ्याआधी ओळखू आला असणार, कारण त्याचा चेहरा बघता बघता उतरला.

"मीच ठेवला तो ड्रम," तो म्हणाला. आमच्याशी नव्हे, त्या आवाजाशी. "लोक निळे हात घेऊन घरी जायचे... बायकापोरं हसायची... मी म्हटलं, सोय होईल. कोंडीबानं माझे आभार मानले होते..."

हात घासल्याचा आवाज थांबला. पाणी थोडा वेळ नुसतंच वाहत राहिलं, आणि कुणीतरी नीट पिळून बंद करावा तसा नळ बंद झाला.

नंदीश एकदम उभा राहिला. "मॅडम, शिवू. आमच्या हौदावर आता शिवू आहे. सकाळी त्यानं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मी त्याची नखं बघितली होती... मला वाटलं, रंग."

घड्याळात एक वाजून बारा मिनिटं झाली होती. जेवणाची सुट्टी चालू होती. नंदीशनं फोन लावला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, शिवू हात पुसून जेवायला बसलाय, पण जेवत नाही, भिंतीला टेकून बसलाय.

त्यानंतरची वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वीस मिनिटं होती. कारखान्याच्या टेम्पोतून शिवूला आणलं. आम्ही इस्पितळाच्या दारात आधीच पोचलो होतो, माझ्या हातात यंत्राचा कागद होता. तिशीचा धडधाकट गडी, ओठ जांभळाएवढे काळेनिळे, बोलताना जीभ जड. तिथल्या तरुण डॉक्टरबाई ईसीजीची पट्टी काढायला निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं नाही, फक्त म्हटलं, "आधी रक्त बघा. रंग बघा."

त्यांनी सुई टोचली. नळीत आलेलं रक्त लाल नव्हतं. चॉकलेटी होतं.

डॉक्टरबाईंनी कागदावरचं टेकाड बघितलं, द्रव्याचं नाव वाचलं, आणि एकही प्रश्न न विचारता आतून एक इंजेक्शन मागवलं. त्याच्यावरचा उतारा म्हणून जे औषध शिरेतून देतात ते गडद निळ्या रंगाचं असतं. नंदीश ते बघून भिंतीला टेकला. निळं औषध शिवूच्या हातात गेलं. आम्ही त्याच्या ओठांकडं बघत उभे राहिलो.

पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग खालच्या ओठाच्या कडेला एक रेघ गुलाबी दिसली. मला भास वाटला. मामा वाकून जवळ गेले आणि म्हणाले, "उतरतंय, मॅडम." अर्ध्या तासात ओठ माणसाचे झाले. नखं झाली. शिवूनं डोळे नीट उघडले आणि म्हणाला, "लई भूक लागली हो सायेब. डबा तितंच ऱ्हायला."

नंदीश रडला. मीसुद्धा. मामांनी बाहेर जाऊन पुरीभाजी आणली.

सोमवारी समितीसमोर मला फार बोलावं लागलं नाही. नंदीश उठला आणि त्यानं ड्रमची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली. मालकाच्या वकिलानं त्याला दोनदा खाली बसायला सांगितलं, तो बसला नाही. शिवू मागच्या बाकावर बसला होता, तो उठून उभा राहिला आणि आपली दहा बोटं समितीला दाखवली. अध्यक्षबाईंनी सोजरबाईला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का?

सोजरबाई पदर सावरून पुढं आली. "माजा नवरा हृदयानं मेला न्हाय," ती म्हणाली. "त्येचं हृदय चांगलं हुतं. तेवढं कागदावर लिवा."

तसं लिहिलं गेलं. कोंडीबाचा मृत्यू कामामुळं झाला, अशी नोंद झाली. ते द्रव्य त्या कारखान्यात बंद झालं, ड्रम हलला, हातमोजे आले, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या रंगाच्या कारखान्यांना नवी तपासणी लागू झाली: धड कातड्यावर नाही, कामगाराच्या कातड्यावर जे जे पडतं ते टाकून. आमच्या त्या सहा भांड्यांची रीत त्या पत्रकात छापून आली. सोजरबाईनं पत्रकाची एक प्रत मागून घेतली. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, त्येच्या फोटूपशी ठिवते.

बेसिनचा आवाज पुन्हा कधीच आला नाही. जेवून उठला असेल, असं मामा म्हणतात.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती तुम्हाला नुसत्या आनंदानं सांगितली असती.

जूनच्या सुरुवातीला नंदीशनं मला कारखान्यात बोलावलं. कामगारांचे हात सुधारतायत का ते बघायचं होतं. कातडीतून किती पाणी उडून जातं ते सांगणारं एक छोटं यंत्र आमच्याकडं आहे, पेनासारखं तळहातावर टेकवायचं. आकडा जास्त आला की कातडं फाटकं, कमी आला की बरं होतंय. आकडे आपोआप साठतात. मी टेबलाशी बसले, हातमोजे घातले, मामा शेजारी नावं लिहायला. रांग लागली. मी चेहऱ्यांकडं बघत नव्हते. 'पुढचा' म्हणायचं, हात यायचा, यंत्र टेकवायचं, पुन्हा 'पुढचा'. सगळे आकडे खाली आले होते. शिवूचा तर माझ्यापेक्षा चांगला आला, आणि रांगेत हशा पिकला.

संपल्यावर आकडे तपासले. कामगार शेहेचाळीस. आकडे सत्तेचाळीस.

शेवटचा आकडा शून्य होता. शून्य कधी येत नाही. बर्फातल्या डब्यातून आणलेल्या कातड्याचाही येत नाही.

"मामा, शेवटी कोण होतं?"

मामांनी वही माझ्याकडं सरकवली. सत्तेचाळिसाव्या ओळीत नुसता आकडा होता, नाव नव्हतं. "ती बाई," ते म्हणाले. "नाव इचारलं. सांगितलं न्हाय. नुसती तुमच्याकडं बगत हुती. मला वाटलं, तुमच्या वळखीची."

मला आठवलं. बारीक मनगट, एका हातात काचेच्या दोन बांगड्या. हात गार होता, आणि मनगटापर्यंत हळदीपेक्षा गडद पिवळा होता.

"आमच्याकडं बाई कुणी कामाला नाही," नंदीश म्हणाला. "आणि पिवळा रंग आम्ही कधी वापरतच नाही."

म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी हौदावरून ती मला शोधत आली होती, हे मी ओळखलं. हातमोजे काढले. बाहेरून ते स्वच्छ होते, पांढरे. पण ज्या हातानं मी तिचा हात धरला होता, त्या माझ्या तळहातावर, हातमोज्याच्या आत, रुपयाएवढा पिवळा डाग होता.

प्रयोगशाळेत परत येऊन मी दार लावून घेतलं. कातडीत काय किती खोल गेलंय ते बघायची एक साधी रीत आहे. चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. प्रत्येक पट्टीबरोबर कातडीचा एक बारीक थर निघतो, आणि खोल जावं तसा रंग फिका होत जातो. मी पहिली पट्टी ओढली आणि पांढऱ्या कागदावर चिकटवली. मग दुसरी, मग तिसरी. ओळीनं विसाव्या पट्टीपर्यंत गेले, हात हुळहुळायला लागला, आणि दिवा जवळ ओढून कागद बघितला.

विसाव्या पट्टीवरचा पिवळा पहिलीपेक्षा गडद होता.